ओत्तारने बांधलेलं ट्रॅम्पोलिन

"ज्याच्या अंगणात ट्रॅम्पोलिन असेल त्याला मतदानाचा हक्क असू नये."

हे वाक्य ओत्तार ब्रान्डसन एकदा हिवाळी मेजवानीत बोलला. समोर सेल्व्हिकमधली एकशे बारा माणसं होती आणि त्याच्या हातात आंबवलेल्या शार्कचा तुकडा होता. गावात त्याला धरून माणसं एकूण एकशे तीस. उरलेली सतरा आजारी तरी होती किंवा पाळण्यात तरी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याही कानावर ते गेलं.

वाक्य त्याने उगाच फेकलं नव्हतं. ओत्तार चौतीस वर्षं गावच्या बचाव पथकात होता. डोंगरात हरवलेली माणसं, बर्फात रुतलेल्या गाड्या, धुक्यात वाट चुकलेल्या होड्या यांच्यासाठी तो तरुणपणी पथकात शिरला. त्याच्या वाट्याला आली ट्रॅम्पोलिनं. सेल्व्हिकमध्ये वाऱ्याला कोणी हवामान म्हणत नाही. तो शेजारी आहे. न विचारता आत येतो आणि जाताना काहीतरी उचलून नेतो. सप्टेंबरचं पहिलं वादळ आलं की अंगणाअंगणातली ट्रॅम्पोलिनं उठायची आणि पथकाचे फोन वाजायचे. एक चर्चच्या छपरावर सापडलं. दोन बंदराच्या पाण्यात. एक कुरणात उतरलं होतं आणि त्यावर तीन मेंढ्या अशा शांत बसल्या होत्या की जणू तिकीट काढून आल्यात. मालक धापा टाकत यायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "अरे, काल तर इथेच होतं!"

ओत्तारला वादळाचा राग नव्हता. या वाक्याचा होता.

पोटापाण्यासाठी त्याने चाळीस वर्षं बंदरावर मासेमारीची जाळी विणली. हात फावड्याएवढे, बोलणं मोजकं. त्याने मारलेली गाठ समुद्राने कधी सोडवली नाही, असं खलाशी सांगत. निवृत्त झाला, त्यानंतर दोन वर्षांनी बायको आल्डा गेली, आणि घर इतकं शांत झालं की फ्रिज बंद पडला तेव्हा त्याला एखादा शेजारी गेल्यासारखं वाटलं.

मग मे महिन्यात सुन्नेवा आली. ही त्याची एकुलती एक मुलगी. अकरा वर्षं नॉर्वेत, बर्गनला राहिली. नवरा तिथेच सोडला आणि दोन पोरं गाडीत घालून बोटीने परत आली. आठ वर्षांची एम्बला आणि पाच वर्षांचा ईमिर.

"सप्टेंबरपर्यंत राहते, बाबा," तिने बूट काढता काढताच सांगितलं. "पुढचं पुढे. बर्गनचं घर अजून सोडलेलं नाही. तू उगाच आशा लावून बसू नकोस."

"मी कशाला लावतोय?" ओत्तार म्हणाला, आणि वरच्या दोन्ही खोल्यांना त्याने आठवड्यापूर्वी लावलेल्या रंगाचा वास जिन्यावरून खाली आला.

त्याला ती तिघं हवी होती. इतकी हवी होती की तो त्याबद्दल एक अक्षर बोलू शकत नव्हता. सकाळी तो लापशीचे चार वाडगे मांडायचा आणि त्यांच्याकडे बघत उभा राहायचा.

पोरांनी मात्र तिसऱ्याच दिवशी निकाल दिला.

"आजोबा, तुझ्या गावात काहीच नाही," एम्बला म्हणाली.

"समुद्र आहे."

"तो बर्गनला पण आहे."

"पोहण्याचा तलाव आहे. गरम."

"बर्गनला आमच्याकडे ट्रॅम्पोलिन होतं," ईमिर म्हणाला. त्याचा खालचा ओठ पुढे आला होता. "मोठ्ठं."

ओत्तारने कॉफीचा घोट घेतला. आपल्याच घशात आपण कधीतरी एक माशाचा काटा ठेवून दिला होता आणि तो आज टोचला, असं त्याला वाटलं.

त्या रात्री त्याने हिशोब मांडला. एका बाजूला गावभर होणारी शोभा, दुसऱ्या बाजूला ईमिरचा ओठ. सकाळी साडेसहाला तो गाडी काढून दीडशे किलोमीटरवरच्या शहरात निघाला. सोबत मोजपट्टी, कानस, लोहचुंबक आणि मासे तोलायचा काटा.

दुकानात रान्वेग नावाची पन्नाशीची बाई होती. ट्रॅम्पोलिनांच्या विभागात एक दांडगा म्हातारा पोटावर झोपून चौकटीच्या खालच्या बाजूला नखाने खरवडतोय, हे तिने लांबून पाहिलं आणि आधी कॉफी संपवली.

"काही मदत करू का?"

"आतून जस्त चढवलंय का?" खालून आवाज आला.

"कशाच्या आतून?"

"नळीच्या. बाहेरून सगळेच चढवतात. गंज आतून लागतो."

रान्वेगने वीस वर्षांत हा प्रश्न ऐकला नव्हता. ती पण खाली वाकली. मग दोघांनी मिळून एका नळीच्या तोंडात बोट घालून पाहिलं.

स्वस्तातलं एक होतं, एकोणचाळीस हजार क्रोनांचं. ओत्तारने त्याची स्प्रिंग काट्याला लावून ओढली आणि नाक मुरडलं. "ही पेनातली स्प्रिंग आहे." संरक्षक जाळी स्प्रिंगांच्या बाहेरून होती. "म्हणजे पोर आधी स्प्रिंगांत पाय अडकवणार, मग जाळीवर आपटणार. हे कोणी काढलंय? दातांच्या डॉक्टरने?" सगळ्यात महागडं होतं एक लाख साठ हजारांचं. त्याला रंगीत दिवे होते आणि गाणी वाजायची. "उडी मारायला गाणं कशाला लागतं?" त्याने विचारलं. रान्वेग पुढच्या ट्रॅम्पोलिनकडे वळली.

मधलं चौऱ्याऐंशी हजारांचं. नळी जाड, आतून-बाहेरून जस्त. स्प्रिंगा लांब आणि शहाण्णव. त्यांच्यावर चार बोटं जाडीची गादी. जाळी आतल्या बाजूने, आणि तिचं दार एकमेकांवर चढणाऱ्या दोन पडद्यांचं, त्यामुळे चेन तुटायचा प्रश्न नाही. ओत्तारने जाळीचा एक डोळा दोन बोटांत धरला, ओढला, वास घेतला.

"विण बरी आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून ही फार मोठी पावती होती. "सुट्या स्प्रिंगा मिळतात?"

"मिळतात. गादी पण. किती वयाची मुलं आहेत?"

हा प्रश्न सरळ होता, आणि इथेच ओत्तार घसरला. रान्वेगची मावसबहीण सेल्व्हिकमध्ये पोस्टात होती. त्याला ते माहीत होतं.

"मुलांसाठी नाही," तो घाईने म्हणाला. "बचाव पथकासाठी आहे. सरावाला. उडणारी ट्रॅम्पोलिनं पकडायला."

रान्वेगने त्याच्याकडे एकटक पाहिलं. "मग गुलाबी गादी नको असेल."

"गुलाबीच द्या," ओत्तार म्हणाला. "लांबून दिसते."

तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. अंगणाच्या फाटकाशी ग्रोआ उभी होती. ग्रोआ ही पथकाची प्रमुख. शाळेत गणित शिकवायची आणि माणसांकडे पण उदाहरणाकडे बघावं तसंच बघायची.

"ओत्तार, तू पथकासाठी स्वतःच्या खिशातून ट्रॅम्पोलिन आणलंस?"

"म्हणजे..."

"मला भरून आलं रे. चौतीस वर्षं आपण तयारीशिवाय जातोय. गुरुवारी सहाला येतो सगळे."

आणि खरंच आले. नारिंगी-निळ्या पोशाखातली अकरा मोठी माणसं, शिरस्त्राणं घालून, दोर घेऊन, ओत्तारच्या हिरवळीवर रांगेत उभी राहिली. दारातल्या पायरीवर एम्बला आणि ईमिर तोंडं उघडी टाकून बसले होते.

"हे काय करतायत?" ईमिरने विचारलं.

"उडायची वाट बघतायत," एम्बला म्हणाली.

वारा नव्हता, म्हणून चौघांनी ट्रॅम्पोलिन उचलून पळायचं आणि सात जणांनी ते पकडायचं असं ठरलं. उचलणाऱ्यांत चर्चची घंटा वाजवणारा स्क्यूली होता. तो इतका जीव तोडून पळाला की ट्रॅम्पोलिन फाटकातून बाहेर पडलं आणि पथकाला ते खरोखरच बंदरापर्यंत हुडकत जावं लागलं. दुसऱ्या गुरुवारी एम्बलाला शिट्टी मिळाली. तिसऱ्या गुरुवारी ईमिर जखमी झाला. म्हणजे त्याने जखमी व्हायचं आणि स्ट्रेचरवर पडून विव्हळायचं, असं काम त्याला दिलं. तो इतका छान विव्हळायचा की पोस्टातली मावसबहीण रस्त्यावरून धावत आली.

सराव संपला की उड्या. एका वेळी एकच, हा ओत्तारचा नियम. त्याने तो फळीवर रंगवून जाळीला टांगला होता. खाली आणखी नियम होते: बूट नाहीत, कोलांट्या नाहीत, तोंडात टॉफी नाही, स्क्यूली नाही.

"माझं नाव कशाला?" स्क्यूली कुरकुरला.

"वजन बघ आपलं. कमाल दीडशे किलो लिहिलंय."

"मी एकशे आठ आहे!"

"जेवणाआधी," ओत्तार म्हणाला.

सुन्नेवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघायची. तिने बालवाडीत तात्पुरतं काम धरलं होतं. एकदा ती हसली आणि म्हणाली, "बाबा, पथकासाठी म्हणे. आणि शिडी मात्र ईमिरच्या उंचीची." ओत्तार बटाटे सोलत होता. त्याने तोच बटाटा आणखी बराच वेळ सोलला.

जुलै गेला. ऑगस्ट गेला. संध्याकाळी पुन्हा अंधार पडायला लागला. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी सुन्नेवा फोनवर कोणाशी तरी नॉर्वेजियनमध्ये बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "अठरा सप्टेंबरच्या बोटीची जागा धरलीये. गुरुवार आहे."

ओत्तारने मान हलवली. "बरं."

"बाबा, मी आधीच म्हटलं होतं."

"म्हटलं होतंस ना. बरं म्हणतोय मी."

दर ऑगस्टच्या अखेरीस ओत्तार दारोदार फिरून लोकांना दटावायचा: काढा ती यंत्रं, स्प्रिंगा उतरवा, चौकट गॅरेजात घाला. या वर्षीही फिरला. पंधरा घरी दटावून तो सोळाव्या घरी, म्हणजे स्वतःच्या घरी आला, स्प्रिंगा ओढायचा लोखंडी आकडा हातात घेतला आणि पहिली स्प्रिंग ओढणार इतक्यात ईमिर जाळीच्या आतून म्हणाला, "हे काढायचं म्हणजे आम्ही जायचं?"

ओत्तारने आकडा खिशात टाकला.

"काढत नाही," तो म्हणाला. "जरा तपासतोय."

त्याने मग काढायच्या ऐवजी बांधलं. त्याच्यासारखा शहाणा माणूस असं का वागला, हे पुढे गावात खूप चघळलं गेलं. उत्तर साधं होतं. जोवर ते अंगणात उभं होतं तोवर उन्हाळा संपला नव्हता. त्याने जमिनीत चार लांब लोखंडी मळसूत्री खुंट पिरगळून घातले. चारही पायांना जहाजाचा दोर. रात्री अंथरुणात पडल्यावर त्याला चार कमी वाटले, म्हणून सकाळी पाचवा दोर ओढून त्याने अंगणातल्या लाकडी खोपटाला बांधला, त्याच्या जाडजूड खांबाला, स्वतःची ती गाठ मारून. खोपटात सुकवलेले मासे टांगलेले होते, रंगाचे डबे होते आणि रुबार्बच्या आंबट देठांचा मुरांबा भरलेल्या सव्वीस बरण्या.

खोपट स्वतः कशाला बांधलेलं आहे, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. ते तिथे तीस वर्षं उभं होतं. गोष्टी तीस वर्षं उभ्या राहिल्या की आपण त्यांना जमीन समजायला लागतो.

वादळ आलं बुधवारी, सतरा तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास. आधीचे आठ दिवस पाऊस होता आणि जमीन लापशीसारखी मऊ झाली होती. सुन्नेवाची गाडी सामान भरून पोहण्याच्या तलावाच्या वाहनतळावर होती, कारण तिथे भिंतीचा आडोसा आहे. शाळा बंद. चौघं स्वयंपाकघरात बसून क्लाइनुर खात होती. ते तळलेले गोड पिळ ओत्तारने पहाटे केले होते, गरजेपेक्षा तिप्पट.

पहिला खुंट दाढ उपटावी तसा निघाला. दुसरा आणि तिसरा एकदमच. चौथा थोडा लढला. ट्रॅम्पोलिन एका कडेवर उभं राहिलं, गुलाबी आणि प्रचंड. क्षणभर ते खिडकीतून आत बघतंय असं वाटलं.

"पाचवा धरेल," ओत्तार म्हणाला.

पाचव्याने धरलं. गाठ सुटली नाही. ओत्तारची गाठ सुटतच नाही. बाकी सगळं सुटलं. खोपट एकदा कुरकुरलं, विटांवरून घसरलं आणि कुत्र्याने मालकाला ओढत न्यावं तसं ट्रॅम्पोलिन त्याला कुंपणावरून ओढत घेऊन गेलं.

"आजोबा," एम्बला शांतपणे म्हणाली, "शेड गेली."

ओत्तार उभा राहिला. त्याचं तोंड उघडलं, आणि त्यातून जे वाक्य बाहेर आलं ते त्याने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. निदान त्याचं पहिलं अर्धं तरी. "काल तर..." तो म्हणाला आणि त्याने दातांवर दात दाबले.

पथक चार मिनिटांत रस्त्यावर होतं. सोळा गुरुवारांचा सराव फळाला आला. ग्रोआ पुढे, तिच्यामागे दहा जण वाऱ्यात तिरपे होऊन फुटबॉलच्या मैदानावरून खोपटाच्या मागे धावले. ओत्तारही धावला. एम्बला दारात उभी राहून शिट्टी वाजवत होती आणि सुन्नेवाने तिला मागून जॅकेटला घट्ट धरलं होतं. गोलपोस्टला आपटून खोपट फुटलं. सुके मासे वर उठले आणि थव्याने समुद्राकडे निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच उडत होते, पण दिशा चुकली नाही. बरण्या चिखलात रुतल्या. त्यातल्या एकोणीस धड निघाल्या. हलकं झालेलं ट्रॅम्पोलिन आणखी एकदा उसळलं, तलावाच्या भिंतीवरून गेलं आणि पलीकडे दिसेनासं झालं.

पलीकडे वाहनतळ होता.

ओत्तार तिथे सगळ्यांत आधी पोचला. ट्रॅम्पोलिन सुन्नेवाच्या गाडीवर पालथं पडलं होतं, कोंबडी अंड्यांवर बसते तसं. चौकट वाकली होती, एक पाय आकाशाकडे होता, जाळी चाकांभोवती गुंडाळली गेली होती. तो गुडघ्यांवर बसून खाली शिरला. त्याने काचा बघितल्या, टायर बघितले, बोटांनी टपावरून चाचपलं. गुलाबी गादी बरोबर टपावर आली होती. ओरखडासुद्धा नव्हता.

तो ट्रॅम्पोलिनखालून लगेच बाहेर आला नाही. पावसाचं पाणी त्याच्या मानेतून आत जात होतं. वरून स्क्यूलीचा आवाज आला, "गेली का रे गाडी?" आणि ओत्तारच्या मनात जे आलं ते त्याचं त्यालाच नवं होतं: हो म्हण. एक शब्द. उद्याची बोट जाईल, पुढची आठ दिवसांनी, तोवर दुरुस्ती, तोवर आणखी काहीतरी.

"घरी चला," तो म्हणाला. "कॉफी आहे."

तासाभरात स्वयंपाकघरात ओत्तारचा धरून बारा ओले पोशाख वाळत होते आणि अकरा माणसं आतल्या लोकरी कपड्यांत क्लाइनुर खात होती. तिप्पट केलेले पुरत नव्हते. ईमिर स्क्यूलीच्या मांडीवर बसून विव्हळण्याचे प्रकार शिकवत होता.

"ओत्तार, पथकाच्या सरावाचं साहित्य गेलं की रे," ग्रोआ म्हणाली. तिचा चेहरा गंभीर होता. "नवीन घ्यावं लागणार. पुन्हा गुलाबीच घे. खरंच लांबून दिसतं."

"आणि शिडी या वेळी मोठ्यांच्या मापाची," स्क्यूली म्हणाला. सगळे हसले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, बहुधा पहिल्या गुरुवारपासूनच.

"गप्प बसा रे," ओत्तार म्हणाला. त्याचं लक्ष सुन्नेवाकडे होतं. मघाशी अर्धा तास ती कुठेतरी गेली होती. आता ओट्याशी टेकून उभी होती, केस भिजलेले, हातात कप.

"बाबा," ती म्हणाली. "गाडीचं काय?"

ओत्तारने तोंडाशी नेलेला पिळ हातातच ठेवला.

"चालेल," तो म्हणाला. "काही झालेलं नाही तिला. जाळी काढली की झालं. उद्याच्या बोटीला पोचाल."

"माहितीये," सुन्नेवा म्हणाली. "मी मघाशी आत शिरून चालू करून बघितली. एका फटक्यात सुरू झाली."

तिने कप खाली ठेवला.

"बर्गनला आमच्या तळघरात पाणी शिरलं होतं, तेव्हा मी मदतीच्या नंबरवर फोन लावून एकोणीस मिनिटं गाणं ऐकत होते. गाणं पण धड नव्हतं. इथे चार मिनिटांत अकरा जण रस्त्यावर होते. गाडी चालू होती तशीच बसून मी बोटवाल्यांना फोन केला. जागा रद्द केली. बर्गनचं घर सोडत असल्याची नोटीस पण पाठवली. तेव्हा वरच्या त्या खोल्या आता नीट लावायला लागतील, आणि बाबा, ते नवीन यंत्र यापुढे ऑगस्टमध्ये उतरवायचं. ऐकतोयस ना?"

एम्बलाने शिट्टी फुंकली, घरातच, पूर्ण ताकदीने. स्क्यूलीची कॉफी ईमिरवर सांडली आणि ईमिर या वेळी खरोखर किंचाळला. पण कॉफी गार होती. ग्रोआने नाक शिंकरलं आणि खिडकीबाहेर काहीतरी बघायला लागली.

सगळे ओत्तारकडे बघत होते. तो काहीतरी बोलेल असं वाटत होतं, निदान मेजवानीत बोलला होता तेवढं तरी. त्याने हातातला पिळ बशीत ठेवला, हात पँटला पुसले, ओल्या पोशाखांच्या रांगेतून आपला शोधून खांद्यावर टाकला, आणि गाडीतलं सामान परत आणायला दार उघडून बाहेर गेला.